स्टेपनी

रात्री नऊला निळा टँकर खाली लावला,
हातपाय धुऊन चटईवर बसलो, तर रुमाना म्हणते,
अब्बा, पुढचं पान उघडत नाहीये.
पर्याय एक भरला.
पर्याय दोन भरल्याशिवाय विद्यापीठ पुढे सोडत नाही.

चेकपोस्टच म्हणायचं.

पर्याय एक म्हणजे मोठं आवार, शहरातलं.
तिथलं वाचनालय कधी उघडतं, कधी मिटतं, हिला इथे सूरमध्ये बसून पाठ.
गेल्या साली एक्क्याण्णववर दार बंद झालं.
हिचे अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार.
संख्याशास्त्र शिकायचंय, म्हणून मलाही आकड्यातच सांगते:
शंभरात तीस, अब्बा. फार तर.

दुसऱ्या रकान्यात चार उपकेंद्रं. त्यातलं एक निवडा.

चौगुलेभाईंना फोन लावला. म्हणाले, काहीही टाक,
ते कोण बघतंय?
हिची आई ओट्याकडून, तव्यावरची नजर न काढता,
माझ्या बहिणीला जवळ पडेल ते टाका.
मी काय सांगणार? मी सातवी.

मला एक गोष्ट ठाऊक आहे.
दोन हजार नऊ साली, अल कामिलच्या अलीकडे,
भर दुपारी मागचा टायर बसला.
स्टेपनी उतरवली, तर तीही बसलेली.
सहा वर्षं टँकरखाली लटकत होती,
कुणी तिला हात लावला नव्हता, मीसुद्धा.
पाच हजार गॅलन पाणी पाठीवर,
आणि ओंजळभर हवेसाठी
चार तास उन्हात.

तेव्हापासून दर जुम्म्याला, नमाज झाली की,
शफीकच्या दुकानात आधी स्टेपनीची हवा बघतो,
मग चालत्या चाकांची.
शफीक हसतो. हसू दे.

म्हटलं, रुमा, वेळ किती आहे?
तिथले बारा म्हणजे आपले साडेदहा. सव्वा तास.
मग एकेकाला हात लावून बघू.

पहिल्या केंद्रात विषय आहे, शिकवणारा नाही;
जागा रिक्त, असं त्यांनीच लिहिलेलं, तीन वर्षांपूर्वी.
दुसऱ्यात वसतिगृह आहे, मुलांचं.
तिसऱ्याची फी बघून मी गप्प झालो,
आणि माझं गप्प होणं बघून तिनेच ते पान मिटलं.
चौथ्याचं नाव ऐकून हिची आई हसली.
तिथून तर म्हशीसुद्धा बदली मागतात, म्हणाली.

चौथ्यात एक इमारत, एक शिंदीचं झाड,
जिन्यावर वाळत घातलेली कुणाची तरी सलवार.
तिथे मुली राहतात, अब्बा, रुमाना म्हणाली.
मग तिला कुणा बाईंनी सोडवून ठेवलेल्या प्रश्नपत्रिका सापडल्या,
हाताने लिहिलेल्या, कागद तिरका धरून काढलेले फोटो.
तिने एक उघडली. दुसरी उघडली.
पेन्सिल शोधली.

पावणेदहा झाले. दहा झाले.
भाकऱ्या झाल्या, झाकल्या, गार झाल्या.
अगं, अर्ज.
थांबा ना. बघा, इथे बाई चुकल्यात,
आणि चूक खोडून टाकली नाही, नुसती एक रेघ मारलीय,
खाली परत केलंय. कुठे चुकल्या ते दिसू दिलंय.
मला त्यातलं अक्षर कळलं नाही.
मला तिचा चेहरा दिसत होता.

दहा एकवीसला पर्याय दोन भरला.
चाक फिरत राहिलं पडद्यावर, फिरत राहिलं,
आणि दहा पंचविसाला पोचपावती आली.

दुआ मी पर्याय एकचीच केली, खोटं कशाला बोलू?
स्टेपनी कधी लागू नये, हीच प्रत्येक ड्रायव्हरची दुआ.

पहाटे चारला खाडीवर अजून दिवे होते.
टँकर काढण्याआधी वाकलो,
पाना घेतला,
आणि खालच्या त्या धुळकट टायरवर एकदा मारला.

टणक वाजला.